मदत हवी आहे: दारावरचं घरगुती ख्रिसमस रीथ आठवडाभरही टिकेना

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत यंदा स्वतःचं घर झालं. शेजारी सगळ्यांच्या दारावर रीथ (हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं), मग आपल्याही हवं आणि तेही घरी केलेलं, असा लेकीचा हट्ट. झेंडूची तोरणं जन्मभर ओवली आहेत, म्हटलं यात काय एवढं!

ख्रिसमस ट्री विकतात तिथे बुंध्याकडच्या छाटलेल्या फांद्या फुकट मिळाल्या. १४ इंची तारेची रिंग घेतली. वीतभर डहाळ्यांच्या जुड्या बारीक तारेने रिंगला आवळल्या, प्रत्येक जुडीखाली आधीचे देठ झाकत, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. वेणीच म्हणा ना. (हाताचा चीक साबणाने जाईना, शेवटी खोबरेल तेल लावलं.) दिसलं मस्त! पण:

१. पाच-सहा दिवसांत तपकिरी झालं, उंबऱ्यात सुयांचा (सुईसारख्या पानांचा) सडा. रोज पाणी फवारते तरी. दाराबाहेर काचेचं स्टॉर्म डोअर (थंडी-वाऱ्यासाठीचं दुसरं दार) आहे, रीथ दोन्हींच्या मध्ये. दुपारभर ऊन.

२. चिकटवायचा हुक दोनदा निखळला. चुंबकाचा हुक आणला, तर दार फायबरग्लासचं निघालं. नव्या दाराला खिळा मारू द्यायला नवरा तयार नाही.

३. ओव्हनमध्ये वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या लावल्या होत्या. अंगणात घेऊन फोटो काढला, आत मोबाइल ठेवायला गेले तेवढ्यात खारीने दोन पळवल्या.

सासूबाई आल्या आहेत. आंब्याच्या पानांचं प्लास्टिकचं तोरण काढायचं नाही, अशी त्यांची अट, तेव्हा रीथ त्याच्या खालीच हवं.

—

रानवाटा: ताई, पहिल्याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. काच आणि दार यांच्यामध्ये ऊन कोंडतं, रीथ अक्षरशः भाजून निघतं. थंडीत ते बाहेर उघड्यावरच जास्त टिकतं. आणि एक सुई चिमटीत धरून फिरवून बघा. ख्रिसमस ट्रीच्या जातींपैकी, सहज फिरली तर स्प्रूस, चपटी असून फिरत नसेल तर फर. स्प्रूसच्या सुया लवकर झडतात, पुढच्या वेळी फर मागून घ्या. बांधायच्या आधी देठांना ताजा काप देऊन रात्रभर पाण्यात ठेवा.

बर्फाळ: हुक थंडीत चिकटवलात का? साधारण ५० फॅरनहाइटच्या खाली तो गोंद धरत नाही. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, ऊबदार दुपारी लावून, तासभर वजन न टांगता सोडायचा. नाहीतर सोपं: आतल्या बाजूला हुक उलटा चिकटवायचा आणि रिबन दाराच्या माथ्यावरून बाहेर सोडायची. भोक नाही, वाद नाही.

धागाकर्ती: थंडीतच लावला होता, तेही ओल्या फडक्याने पुसून! पण रीथ स्टॉर्म डोअरच्या बाहेर न्यायचं तर रिबन त्या दारात अडकेल ना? काचेला काय करू?

बर्फाळ: काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक चुंबक बसतो, तसले जोडहुक मिळतात. काच एकेरी असेल तर साधेही चालतात. दुहेरी काचेला जास्त ताकदीचे लागतात. सक्शनच्या हुकांच्या नादी लागू नका, गारठ्यात ते सुटतात. आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून मागे फेल्टच्या टिकल्या लावा.

धागाकर्ती: आत्ताच पाहिलं, काच एकेरीच आहे. जुन्या रीथची सुई चिमटीत गरागरा फिरली, म्हणजे स्प्रूस! शनिवारी फर आणते. सजावटीला या वेळी नुसती लाल रिबन, संत्री आम्हीच खाऊ.