आठवड्याची चाचणी: शिकवणं की नुसतं मोजणं?

खडूफळा

यंदा वर्गात एक प्रयोग केला आणि त्यावरून आमच्या शिक्षकखोलीत सरळ दोन तट पडले. म्हणून इथे मांडतो.

मी जीवशास्त्र शिकवतो, दोन तुकड्यांना. ‘ब’ तुकडी पहिल्या घटक चाचणीत सपाटून आपटली, तेव्हा तिला दर शुक्रवारी पाच प्रश्न द्यायला लागलो. पुस्तक बंद, कोरा कागद, दहा मिनिटं. गुण कुठेही चढवायचे नाहीत, कागद मुलांनीच तपासायचे. ‘अ’ तुकडीला तेवढ्याच वेळात धड्याची उजळणी करून दिली. सहामाहीत ‘ब’ने ‘अ’ला गाठलं.

चाचणी म्हणजे शिकून झाल्यावर लावायची फूटपट्टी, ही समजूत आता सोडायला हवी. डोक्यातून उत्तर ओढून काढणं हेच शिकणं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चारही सत्रांत तो फक्त वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि आपल्याला छान लक्षात राहील ही खात्री कुणाला जास्त होती? वाचणाऱ्यांना!

आठवड्याची चाचणी सगळ्या विषयांना सक्तीची करावी, असं माझं मत. ठोका आता.

मागचा बाक

ठोकतोच. सर, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही दार कुणासाठी उघडताय ते बघा. आज बिनगुणांची चाचणी. उद्या मुख्याध्यापक म्हणतील, घेताच आहात तर नोंद ठेवा. परवा त्याचे पाच गुण अंतर्गत मूल्यमापनात. सक्ती आली की वही आलीच.

आणि गुण आले की काय होतं हे मी मागच्या बाकावर बसून बारा वर्षं पाहिलंय. नीला म्हणजे अशुद्ध रक्त वाहून नेणारी, हे मी शंभरदा लिहिलं असेल. पुस्तकात ती निळी रंगवलेली, म्हणून माझ्या डोक्यात ते रक्त निळंच होतं. फुप्फुसाकडून हृदयाकडे येणाऱ्या नीलांमध्ये ऑक्सिजनने भरलेलं रक्त असतं, हे कळायला कॉलेज उजाडलं. चाचण्या सगळ्या पास झालो होतो. मग त्या चाचण्यांनी मला काय शिकवलं? चुकीची गोष्ट पक्की केली.

खडूफळा

@मागचा बाक, तो दोष प्रश्नाचा, चाचणीचा नव्हे. परवाचाच माझा प्रश्न सांगतो. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं कुठे गेलं? एकीने लिहिलं, ‘घामातून’. दुसऱ्याने लिहिलं, ‘शरीरात एवढं पाणीच नसतं, आकडा चुकलाय.’ मला हे दुसरं उत्तर फार आवडलं. खरंच एवढं नसतं. रक्तातला द्रव भाग तीनेक लिटर, तोच दिवसातून साठेक वेळा गाळला जातो आणि जवळजवळ सगळा परत शोषला जातो. ‘नेफ्रॉनची (मूत्रपिंडातल्या बारीक गाळणीची) व्याख्या लिहा’ विचारलं असतं तर दोघांनाही पैकीच्या पैकी पडले असते आणि ‘घामातून’ हे मला कधी कळलंच नसतं.

शंकासुर

प्रश्न झकास. प्रयोग मात्र तकलादू. सर, राग मानू नका, पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असं तर झालं नाही ना?

तुम्ही चाचण्या कुणाला दिल्या? जी तुकडी पहिल्या परीक्षेत आपटली तिला. आता समजा तुम्ही काहीच केलं नसतं. तरीही ‘ब’ थोडी वर आलीच असती. एखाद्या परीक्षेत फार खाली जाण्यामागे थोडी कुवत असते आणि बरंचसं त्या दिवसाचं दुर्दैव. पुढच्या वेळी कुवत तीच राहते, दुर्दैव तेवढंच राहत नाही. गॅल्टनने १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं: फार उंच आई-वडिलांची मुलं सरासरीपेक्षा उंच, पण त्यांच्याएवढी नाहीत. सरासरीकडे परतणं म्हणतात ते हेच. तळातला गट निवडायचा, त्याला काहीही द्यायचं, अगदी गूळपाणी दिलं तरी गुण वाढतात.

दुसरी गोष्ट. सहामाहीचे पेपर तपासले कुणी? तुम्हीच ना? १९६३ मध्ये रोझेन्थाल आणि फोड या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी उंदीर दिले. काहींना सांगितलं, हे हुशार वाणाचे. काहींना सांगितलं, हे मठ्ठ. उंदीर सारखेच होते. तरी ‘हुशार’ उंदरांनी जास्त चांगली कामगिरी केली, कारण ते हाताळणाऱ्यांची अपेक्षा वेगळी होती. उंदरांचं हे, तर तुमच्या लाडक्या ‘ब’ तुकडीचं काय घेऊन बसलात!

खडूफळा

पेपर मीच तपासले. नावं दिसत होती. हे मान्य.

पण रोडिगर-कार्पिकचं काय? तिथे तर गट नीट पाडलेले होते.

शंकासुर

ते मला मान्यच आहे. २००८ चं त्यांचं स्वाहिली या आफ्रिकी भाषेतल्या शब्दांचं काम तर आणखी बोलकं आहे. शब्द एकदा बरोबर आला की काहींनी पुढे तो फक्त वाचला, काहींनी तो स्वतःला विचारत राहणं चालू ठेवलं. आठवड्याने पहिल्यांना साधारण तिसरा हिस्सा आठवला, दुसऱ्यांना ८० टक्के. परिणाम खरा आहे. फक्त तुमच्या वर्गाने तो सिद्ध केला असं म्हणू नका. खऱ्या गोष्टीचाही पुरावा कच्चा असू शकतो. आणि कॉलेजच्या मुलांना आठवडाभर शब्द आठवले, यावरून सगळ्या शाळांना सगळ्या विषयांत सक्ती, ही उडी जरा मोठीच झाली.

नाडीपरीक्षा

शरीराची बाजू कुणीच घेत नाहीये, म्हणून मी घेते.

परीक्षेच्या भीतीने मेंदू ‘ब्लँक’ होतो, हे मुलांचं निमित्त नव्हे. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात, आणि ताण सुरू झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी ते रक्तात ऐन भरात असतं. २००० साली द क्वेर्वेन आणि सहकाऱ्यांनी लोकांना शब्द पाठ करायला लावले आणि दुसऱ्या दिवशी आठवायच्या तासभर आधी २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोनची (शरीरात त्याचंच कॉर्टिसॉल होतं) गोळी दिली. आठवलेले शब्द कमी झाले. तीच गोळी पाठ करायच्या आधी किंवा लगेच नंतर दिली तर फरक पडला नाही. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, काढता येत नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात पाणी आहे, दोर तोकडा पडतोय. आणि मार्कशीटवर शेरा काय? ‘अभ्यास कमी.’

तेव्हा @खडूफळा, तुमची बिनगुणांची शुक्रवारची चाचणी ही एक गोष्ट आणि सक्तीची चाचणी ही पूर्ण वेगळी. तुम्ही दोघींना एकच नाव देताय, घोडं तिथेच पेंड खातंय.

दोन मुलांची आई

मला तुमचं विज्ञान फार कळत नाही, पण एक सांगते. धाकटा कागद घेऊन येतो. वर ‘५ पैकी २’, खाली बाईंनी चार ओळी लिहिलेल्या. त्याने आजवर त्या चार ओळी वाचलेल्या मी पाहिल्या नाहीत. आकडा बघतो आणि कागद दप्तराच्या तळाला.

नाडीपरीक्षा

ताई, तुम्ही जे घरात पाहिलंत ते रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये वर्गात तपासलं होतं. काही मुलांना फक्त शेरा, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांमध्ये. दोन्ही दिलं तर गुण शेऱ्याला गिळून टाकतात.

मागचा बाक

बघा! माझं म्हणणं काय वेगळं होतं? आणि ते गुण तरी कुठे धड असतात? १९१२ मध्ये स्टार्च आणि एलियट यांनी एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे तपासायला पाठवली. कुणी ५० दिले, कुणी नव्वदीच्या पुढे. फूटपट्टीच रबराची.

शंकासुर

@मागचा बाक, थांबा, तुम्ही आता उलट्या टोकाला निघालात. मोजायचंच नाही, तर मूल शिकलं की नाही हे कळणार कसं? शिक्षकाच्या चेहऱ्यावरच्या समाधानावरून?

खरा वाद ‘काय विचारायचं’ याचा आहे. हेन्री मोलाइसनची गोष्ट ठाऊक असेल. अपस्मारासाठी १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराच हिस्सा काढला आणि त्यानंतर नवीन घटना त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. दुहेरी रेषांच्या मधून पेन्सिल न्यायची, हात दिसतो तो फक्त आरशात. आपण करून बघितलं तर पहिल्यांदा पेन्सिल भलतीकडेच पळते. तो तीन दिवस करत राहिला आणि चुका कमी कमी होत गेल्या. आधी कधी केलंय का विचारलं तर उत्तर ‘नाही’.

आता याची लेखी घेतली असती तर शून्य. प्रात्यक्षिक घेतलं असतं तर पास. तो शिकला होता की नव्हता?

मागचा बाक

हे भारी आहे. पण हे माझ्याच बाजूचं झालं.

शंकासुर

दोघांच्याही. म्हणून तर दिलं.

खडूफळा

रात्रभर विचार केला. सक्तीची भाषा मागे घेतो. मागच्या बाकाने म्हटलेली वाट, नोंद मग गुण मग भीती, ती मी स्वतः दुसऱ्या विषयांत पाहिली आहे, फक्त माझ्या विषयात तसं होणार नाही असं धरून चाललो होतो. चाचणी सोडणार नाही मात्र. ‘घामातून’ हे उत्तर मला उजळणीच्या तासात कधी मिळालं नसतं. उजळणीत मीच बोलतो आणि मुलं माना डोलावतात.

दुसऱ्या सत्राची आखणी अशी करतोय. कुठली तुकडी ‘नशीबवान’ हे ठरवायचंच नाही. हृदय आणि मूत्रपिंड हे दोन धडे घ्यायचे. ‘अ’ला हृदयावर शुक्रवारचे प्रश्न आणि मूत्रपिंडाची नुसती उजळणी, ‘ब’ला बरोबर उलट. सुरुवात कुणाची कशाने, ते नाणं उडवून. म्हणजे प्रत्येक तुकडीची तुलना निम्मी तरी स्वतःशीच होईल. शेवटचा पेपर दुसऱ्या बाई काढतील, शुक्रवारचा एकही प्रश्न त्यात नको. नावं झाकून त्याच तपासतील. आणि पेपर धडा संपल्यावर लगेच नाही, महिन्याने. @शंकासुर, अजून कुठे गळतंय?

शंकासुर

बरंच बुजलं. एक मोठं भोक उरलंय. नाणं तुम्ही एकदाच उडवणार, तुकड्या दोनच. मूत्रपिंडाचा पेपर मुळातच सोपा निघाला तर? उलटसुलट केल्याने ते थोडं सांभाळलं जाईल, पण पुढच्या वर्षी पुन्हा केल्याशिवाय छातीठोकपणे काही बोलू नका.

दोन मुलांची आई

आणि सर, मधल्या सुट्टीचं काय? माझा थोरला ‘अ’मध्ये, त्याचा जिवलग मित्र ‘ब’मध्ये. शुक्रवारचे पाच प्रश्न डबा संपायच्या आत दुसऱ्या तुकडीत पोचलेले असतात.

खडूफळा

हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन्ही तुकड्यांचा तास सुट्टीनंतर लागतो का बघतो. नाहीतर शनिवारी घेईन, सुटायच्या आधी.