क्रॉसबोचा भाता: मचाणावर चढल्यावर काढायचा की तसाच ठेवायचा?

झाडावरचा_मुंजा
मंडळी, ऑक्टोबर तोंडावर आलाय, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा आर्चरी सीझन (धनुष्याने शिकारीचा हंगाम) सुरू होईल आणि आपल्या ग्रुपात नेहमीप्रमाणे तेच चाललंय, कुणाच्या क्रॉसबोचा (बंदुकीसारखा घोडा असलेल्या आडव्या धनुष्याचा) स्कोप कुठला, कुणाचा बोल्ट (त्याचा आखूड बाण) सेकंदाला किती फूट जातो वगैरे. भात्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. खोक्यात जो फुकट आला तो आवळला स्क्रूने की झालं! म्हणून मुद्दाम धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग तुटून पडा. चालताना भाता क्रॉसबोवर असू दे, काही हरकत नाही, पण मचाणावर बसलात की तो उतरलाच पाहिजे. आणि जो भाता हातमोजे घालून, अंधारात, एका हाताने, आवाज न करता निघत नाही तो फुकट मिळाला तरी महागच. मी दुकानात गेलो की भाता किती बोल्टचा ते बघतच नाही, आधी ब्रॅकेटची खिट्टी दाबून बघतो. टक्क असा आवाज आला की परत ठेवून देतो.

कारण काय, तर हल्लीचे क्रॉसबो कॉक केल्यावर (दोरी मागे ओढून अडकवल्यावर) इतके अरुंद झालेत, सहा-सात इंच फक्त, की मचाणाच्या दांडीमधून, फांद्यांमधून आरामात फिरतात. आणि आपण त्यालाच बाजूने चार पिसवाले बोल्ट आणि एक प्लास्टिकची टोपी लटकवतो. हरीण डावीकडून आलं, तुम्ही हळूच वळायला गेलात, आणि टोपी दांडीला घासली, संपलं. शिवाय वारा असला की बाजूचा भाता सगळंच एका अंगाला ओढतो.

ओहायोचे_काका
अहो मुंजेसाहेब, झाडावर बसून बसून तुम्हाला फारच विचार सुचायला लागलेत :)

आमच्या ओहायोत १९७६ पासून क्रॉसबो चालतोय, तुमच्याकडे आर्चरी सीझनला तो सगळ्यांसाठी खुला व्हायला २००९ उजाडलं, तेव्हा थोडं आमचंही ऐका. भाता काढायचा म्हणजे तो कुठेतरी अडकवायचा, म्हणजे झाडात हुक फिरवायचं (सरकारी जमिनीवर झाडाला स्क्रू मारायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, ते आधी बघा), म्हणजे अंधारात वीस फुटांवर हार्नेसमध्ये लटकून ब्रॉडहेडने (बोल्टच्या धारदार पात्यांच्या टोकांनी) भरलेली वस्तू हातात घेऊन चाचपडायचं. आणि ती खाली पडली तर? खाली उतरून शोधा आता ब्लेड पाचोळ्यात.

वजनाचं म्हणाल तर हिशोब करू. शंभर ग्रेनचं ब्रॉडहेड धरून एक बोल्ट साधारण ४३० ग्रेनचा, म्हणजे २८ ग्रॅम. चार बोल्ट ११२ ग्रॅम. क्रॉसबो स्वतः तीन किलोच्या वर, त्यात स्कोप वेगळा. एवढ्याने तुमचा हात दुखत असेल तर जिमला जा. भाता लावूनच सराव करा, भाता लावूनच स्कोप झिरो करा (निशाण जुळवा) आणि भाता लावूनच शिकार करा, विषय संपला.

झाडावरचा_मुंजा
काका, नमस्कार आहे तुम्हाला. पण वजन किती यापेक्षा ते कुठे लटकतंय हे बघा ना. रेलपासून (बोल्ट ठेवायच्या पन्हळीपासून) चार-पाच इंच बाहेर लटकलेलं वजन क्रॉसबोला एका बाजूला कलतं करतं, थंडीत दोन तास बसून खांदा गळला की आपल्याला ते कळतही नाही. आणि कलता मारलेला बोल्ट ज्या बाजूला कल आहे त्या बाजूला आणि थोडा खाली जातो, वीस यार्डाला चालून जाईल, चाळीसला नाही. स्कोपमध्ये लेव्हल बसवा म्हणाल, पण शिंगांना दहा टोकं असलेला नर समोर आला की त्या बुडबुड्याकडे कोण बघतंय.

जर्सीची_सई
दोघंही मचाणावरूनच भांडताय, जमिनीवर बसणाऱ्यांचा कुणी विचार केलाय का? मी ग्राउंड ब्लाइंडमध्ये (जमिनीवरच्या लपायच्या तंबूत) बसते. खिडकी म्हणजे फटच असते, बाजूचा भाता त्या जाळीत हमखास अडकतो, त्यामुळे मुंजादादांचं बरोबर आहे, तो निघायलाच हवा. पण मग मी म्हणते क्रॉसबोवर मुळात लावायचाच कशाला? मी कमरेचा वापरते, पट्ट्याला अडकवायचा, मांडीला एक बंद. कॉक करताना स्टिरपमध्ये (क्रॉसबोच्या पुढच्या रिकिबीत) पाय घालून वाकायचं असतं, दोरीचे दोन्ही हूक एकसारखे खेचायचे असतात, तेव्हा मध्ये काही लुडबुड नको. काही मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये कॉक करण्याआधी भाता काढा असं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते वाचतं कोण म्हणा.

ओहायोचे_काका
सईताई, कमरेचा भाता सपाट शेताच्या कडेने चालायला ठीक. पण पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात माउंटन लॉरेलच्या झुडपात शिरून दाखवा तो घेऊन. पिसं एकेका काटकीला अडकतात, आणि उताराला घसरून बसलात की ब्रॉडहेड तुमच्या मांडीपासून किती लांब आहे? एका प्लास्टिकच्या टोपीइतकं.

जर्सीची_सई
काका, म्हणूनच मी बोल्ट पूर्ण झाकणारी नळी घेते, उघडा नाही. आणि लॉरेलमध्ये शिरायची वेळ येऊच नये म्हणून वाट आधी ऑगस्टमध्ये साफ करून ठेवते, पण ते स्वतःच्या किंवा ओळखीच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर तोडणं चालत नाही हे मान्य. तिथे मी पाठीवरच्या सॅकला बाजूने बांधते. जिथे जसं तसं.

टोकदार
तुमचं कुठे लावायचा कुठे लावायचा चालू दे, मला वाटतं तुम्ही भलतीकडेच भांडताय. भात्याचं खरं काम एकच, ब्रॉडहेडपासून तुम्हाला वाचवायचं. त्यामुळे टोपी बघा आधी! ब्लेडचा खालचा भागसुद्धा टोपीच्या आत गेला पाहिजे, नुसतं टोक नाही. स्वस्तातल्या कित्येक टोप्या एवढ्या उथळ असतात की रुंद, कायम उघड्या फिक्स्ड ब्लेडचा मागचा कोपरा बाहेर डोकावतो. मला तळहाताला टाके पडलेला माणूस माहितीय, तो काही झाडावरून पडला नव्हता, ट्रकमधून क्रॉसबो उचलत होता.

दुसरं, मेकॅनिकल ब्रॉडहेड (लागल्यावर पाती उघडणारं) वापरणाऱ्यांनो, आत फोम असलेल्या टोपीत ते खुपसलं की बाहेर काढताना ब्लेड अर्धवट उघडतं, रबराची रिंग सरकते, आणि तुम्हाला पत्ता नसतो. तसाच रेलवर ठेवून मारलात की बोल्ट कुठे जाईल ते देवाला माहीत. त्यासाठी फोमऐवजी आत रबरी खाचा असलेली टोपी घ्या, नाहीतर पाती मिटून धरणारं वाहतुकीचं क्लिप लावून ठेवा आणि मचाणावर बसल्यावर काढा.

तिसरं ग्रिपर. बोल्टच्या दांडीला धरणारे ते रबराचे खाचे ठरावीक जाडीसाठी बनतात. साध्या क्रॉसबो बोल्टसाठी बनवलेल्या भात्यात बारीक दांडीचे बोल्ट घातले की सैल, चालताना खटखट. आणि लांबीही बघा, बहुतेकांचे बोल्ट २० इंची, पण एक्सकॅलिबर मायक्रोसारख्या छोट्या क्रॉसबोला साडेसोळा इंची लागतात, २० इंची भात्यात घातले की मागचा ग्रिपर थेट पिसांवर बसतो, पिसं चुरगळली की गेली.

झाडावरचा_मुंजा
+१ टोकदार. ग्रिपरचा मुद्दा मला लिहायचा राहिला होता. घरी बसल्या बसल्या करायची परीक्षा: भाता बोल्टसकट हातात धरून कानाजवळ जोरात हलवा. काहीही खुळखुळलं तर तो हरणालाही ऐकू जाणारच.

आणि आवाजावरूनच, काकांना विचारायचंय. तीस यार्डावर बोल्ट पोचायला साधारण पाव सेकंद लागतो, आवाज एक दशांश सेकंदाच्या आत पोचतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण तेवढ्या वेळात पळण्यासाठी खाली दबतं आणि बोल्ट वरून जातो. मग सुटताना भात्यातले तीन बोल्ट झणझणले तर तो आवाज वाढणार नाही का?

ओहायोचे_काका
मुंजेसाहेब, क्रॉसबो सुटतानाच एवढा धडाम वाजतो, त्यात तुमच्या तीन बोल्टांची झणझण म्हणजे लग्नातल्या बँडपुढे पैंजण. हरीण दबतं ते दोरीच्या आवाजाला. त्याला उपाय एकच, सावध हरणावर लांबून मारू नका. वीस यार्ड, डोकं खाली, चरतंय, तेव्हा मारा, भाता लावलाय की काढलाय त्याने काडीचा फरक पडत नाही.

सदाशिवपेठी
अवांतर होईल, पण न राहवून लिहितो. काय हौस आहे माणसांना! आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि इथे मराठी माणसं हरणाला मारायला भाता कुठला घ्यावा याची चर्चा करतायत.

जर्सीची_सई
सदाशिवपेठी, तुमचा कायदा तुमच्या जंगलासाठी बरोबरच आहे, इथलं जंगल वेगळं आहे. पेनसिल्व्हेनियात लांडगे आणि डोंगरी सिंह कधीच संपले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर बेफाम शिकारीने हरणंच संपत आली होती, म्हणून १८९५ साली गेम कमिशन (राज्याचं वन्यजीव खातं) आलं, १९०६ साली मिशिगनहून हरणं आणून सोडली. आता उलट झालंय, हरणं एवढी की जंगलात नवी रोपटी उगवू देत नाहीत. किती मारायची ते कमिशन ठरवतं, टॅगवर (एका हरणाच्या परवान्यावर) मिळतं, आणि त्यांच्या खर्चाचा काही भाग लायसन्सच्या पैशातून चालतो. मी मारलेलं खाते. जास्तीचं अन्नपेढ्यांना देणारी संस्था आहे तिकडे. वेगळा धागा काढा, तिथे येईन भांडायला.

सदाशिवपेठी
पटलं नाही. पण वेगळा धागा काढतो.

डावखुरा
माझा प्रश्न कुणी घेईल का? मी डावखुरा. खोक्यात आलेलं ब्रॅकेट एकाच बाजूला बसतं, त्यामुळे क्रॉसबो पट्ट्याने पाठीवर टांगला की भाता नेमका बरगड्यांत रुततो. आणि क्रँक (दोरी ओढायची फिरकी) फिरवायला गेलो की हँडल भात्याला आपटतं. आणि भाता तीन बोल्टचा घेऊ की सहाचा?

टोकदार
सहा कशाला, तू काय पानिपतावर निघालायस? क्रॉसबो पुन्हा कॉक करून दुसरा बोल्ट लावेपर्यंत अर्धा मिनिट तरी जातं, तेवढ्यात हरीण दुसऱ्या काउंटीत. दोन ब्रॉडहेडचे आणि एक साध्या टोकाचा, बास.

ओहायोचे_काका
तो साध्या टोकाचा का ते पण सांगा पोराला. बऱ्याच क्रॉसबोंची दोरी बोल्ट न मारता सैल करता येत नाही, रिकामी सोडलीस तर लिम्ब (धनुष्याचे वाकणारे हात) फुटतील. म्हणून संध्याकाळी खाली उतरून मऊ मातीत किंवा टार्गेट बॅगेत एक बोल्ट मारून मोकळा करायचा, त्यासाठी चांगलं ब्रॉडहेड कोण वाया घालवेल? टेनपॉइंट, रॅव्हिन कंपन्यांच्या नव्या क्रॉसबोमध्ये क्रँकनेच उलटं सैल करता येतं, तुझा तसा असला तर तिन्ही ब्रॉडहेडचे ठेव. आणि त्या जास्तीच्या बोल्टचं नॉक (दोरीला टेकणारं मागचं टोक) इतरांसारखंच हवं हां, सपाट की अर्धचंद्र ते कंपनीने सांगितलेलंच. नॉक चुकलं की दोरी वरून निसटते आणि तो रिकाम्या सुटण्यासारखाच प्रकार होतो.

झाडावरचा_मुंजा
बघा काका, म्हणजे पोराचं हँडल भात्याला आपटतंय, बरगडीला भाता रुततोय, तरी तुम्ही म्हणणार भाता लावूनच ठेव?

ओहायोचे_काका
मी म्हणणार ब्रॅकेट बदल. दोन्ही बाजूंनी बसणारी मिळतात, काही रेलच्या खाली आडवी बसतात, ती डावखुऱ्याला बरी. पण आधी स्टिरपमध्ये पाय जातोय का ते दुकानातच बघ.

डावखुरा
धन्यवाद दोघांना. आडव्यामध्ये पिसं एका बाजूला बाहेर येतात ना पण? ती दारात, झुडपात नाही अडकत?

जर्सीची_सई
अडकतात. मी म्हणतेय ना, कमरेला लाव.