महागाई, भाववाढ की चलनवाढ?

प्रश्न : ‘जून २०२३मध्ये अमेरिकेतील महागाई घटली’ हे वाक्य मी न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला वाचून दाखवले, तेव्हा ‘इथे तर दूधसुद्धा स्वस्त झालेले नाही’ असे ती हसून म्हणाली. ‘इन्फ्लेशन’साठी कोणता शब्द वापरावा?

उत्तर : बहिणीचे बरोबर आहे आणि बातमीतला आकडाही खरा आहे, घोळ शब्दाने घातला आहे. ‘महागाई’ हे ‘महाग’वरून आलेले नाम असल्यामुळे मराठी कानाला ते भाव किती चढे आहेत हे सांगते, ते किती वेगाने चढत आहेत हे नव्हे. ‘महागाई भत्ता’ म्हणताना आपल्या मनात हाच अर्थ असतो. ‘इन्फ्लेशन’ मात्र वेग आहे. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक १९८२–८४ची सरासरी १०० धरून मोजतात. तो जून २०२२मध्ये सुमारे २९६ होता आणि जून २०२३मध्ये ३०५ झाला. म्हणजे २९६ डॉलरांत होणाऱ्या बाजारहाटाला वर्षभराने ३०५ डॉलर पडू लागले, आणि तरीही वार्षिक वाढीचा दर ९.१वरून ३ टक्क्यांवर उतरला. येथे ‘भाववाढ मंदावली’ असे लिहिले असते, तर बहीण हसली नसती.

पाठ्यपुस्तकांतला ‘चलनवाढ’ मला पटत नाही, कारण त्यात दुखण्याच्या नावातच त्याचे निदान (चलन वाढले म्हणून भाव वाढले) उरकलेले असते. २०२३मध्ये अमेरिकेतील पैशाचा पुरवठा आदल्या वर्षापेक्षा आटला होता, तरी भाव चढतच होते. त्या स्थितीला चलनवाढ म्हणणे चमत्कारिक वाटते.

प्रतिसाद : ‘महागाई दर’ हा शब्द वृत्तपत्रांत रुळलेला असताना नव्याचा आग्रह कशाला?

उत्तर : ‘दर’ टिकला तर माझी तक्रार नाही, पण मथळ्यात जागा कमी पडली की पहिला बळी त्याचाच जातो. मग फेडरल रिझर्व्हला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, ‘महागाई २ टक्क्यांवर आणायची आहे’ हे वाचून वाचक स्वस्ताईची वाट पाहत बसतो, प्रत्यक्षात त्या बँकेला भाव दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी वाढायलाच हवे असतात. जुलै २००९मध्ये निर्देशांक वर्षभरापूर्वीच्या तुलनेत २.१ टक्क्यांनी खाली होता. ‘महागाई घटली’ हे शब्द मी तशा महिन्यासाठी राखून ठेवीन.