अमृतांजन मुंबईचंच, आणि ग्राइप वॉटरवरचं बाळ

जुन्या औषधांच्या जाहिरातींच्या या चर्चेत वर एकांनी अमृतांजन 'अस्सल मद्रासी' म्हटलंय. बिऱ्हाड नंतर तिकडे हललं हो, पण जन्म मुंबईचा, १८९३ सालचा. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी तो बाम काढला. सुरुवातीला गाण्याच्या बैठकींत फुकट वाटायचे, असं सांगतात. रात्रभर जागरण करून डोकं धरलेला श्रोता, याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं!

वुडवर्डच्या ग्राइप वॉटरचा विषय निघालाय म्हणून: बाटलीवरचं बाळ नीट बघा. दोन्ही मुठींत एकेक साप. आमची आजी त्याला बाळकृष्ण समजून बाटली कपाळाला लावायची. तो खरा ग्रीक हर्क्युलिस, पाळण्यात साप मारणारा. औषध १८५१ चं, इंग्लंडातलं. मूळ कृतीत बाळंतशोपेचं तेल, खायचा सोडा, साखर आणि ३.६ टक्के अल्कोहोल! बाळं गप्प का व्हायची ते आलं लक्षात? अमेरिकेत बाळांना शांत करायला देत त्या मिसेस विन्स्लोच्या सिरपमध्ये तर सरळ मॉर्फिन असायचं.

जुन्या जाहिराती शोधणाऱ्यांनी मासिकांच्या बांधीव खंडांच्या नादी लागू नये. बाइंडिंग करताना जाहिरातींची पानं बहुतेकदा काढून टाकतात. सुटे दिवाळी अंक मिळवा, मागची पानं आधी उघडा.

आणि 'हल्ली अशा जाहिराती नसतात' म्हणणाऱ्यांनी एकदा ठाणे लोकलच्या डब्यात मान वर करावी. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे. मूळव्याध आणि 'गुप्तरोग'वाल्यांची पत्रकं त्याच्या नाकावर टिच्चून चिकटलेली असतात.