मदत हवी आहे: सिंकखालच्या कपाटातील ओल नेमकी कुठून येत असावी?

नमस्कार. गेल्या काही आठवड्यांपासून आमच्या स्वयंपाकघरातील सिंकखालच्या कपाटात ओल येत असून तळाची पार्टिकल बोर्डाची फळी एका कोपऱ्यात फुगली आहे. हा बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, त्यामुळे फळी बदलावी लागणार हे मी मान्य केले आहे. पण गळतीचे मूळ सापडण्याआधी नवी फळी बसवणे मला योग्य वाटत नाही.

आतापर्यंत मी कपाट रिकामे करून पुसून घेतले आणि अँगल कॉक (भिंतीतून येणारे पाणी बंद-चालू करणारी छोटी तोटी), नळाला जोडलेली लवचिक नळी व सांडपाण्याच्या ट्रॅपचे (सिंकखालच्या वळणदार पाइपचे) सांधे यांभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला. रात्रभर नळ बंद असताना सगळे कागद कोरडे राहिले, म्हणून सतत दाबाखाली असलेल्या भागात दोष नसावा असे वाटते. मात्र सिंक काठोकाठ भरून एकदम रिकामे केले, तेव्हा सिंकमधील पाणी जाण्याच्या भोकावरील जाळीच्या खालच्या बाजूचा कागद किंचित ओला झाला. शिवाय ओट्याच्या दगडाला सिंक जिथे चिकटवले आहे, तिथले सिलिकॉन एका बाजूने सुटले आहे आणि भांडी घासताना उडणारे पाणी तिथूनही झिरपत असावे, अशी मला दाट शंका आहे.

या दोन्ही शक्यता वेगवेगळ्या तपासायच्या कशा? जाळीखालचा रबरी वॉशर बदलणे पुरेसे ठरेल का? जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढणे आवश्यक आहे का, आणि नवीन भरल्यानंतर सिंक किती काळ कोरडे ठेवावे? तसेच नव्या तळफळीसाठी पाण्यात टिकणारे कोणते साहित्य निवडावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.