स्ट्रिंग गोठवून कुणाचं काय बिघडलं?

खटपट्या:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं की जावाने स्ट्रिंग (मजकूर साठवायचा टाइप) इम्युटेबल, म्हणजे एकदा बनली की न बदलणारी, केली हीच मूळ चूक, रुबीसारखी म्युटेबल, म्हणजे बदलता येणारी, ठेवली असती तर गार्बेज कलेक्टरला (मेमरीतला टाकाऊ माल उचलणाऱ्याला) एवढं राबावं लागलं नसतं. रात्री दीडला वाचलं, झोप उडाली, म्हणून वेगळा धागा.

मी सहा वर्षं रुबी लिहिलंय. एका ठिकाणी 'प्रिय ग्राहक' हे कॉन्स्टंटमध्ये होतं आणि लूपमध्ये कुणीतरी प्लसच्या (जो नवी स्ट्रिंग देतो) जागी शॉव्हेल (<<, जो आहे त्याच स्ट्रिंगला पुढे जोडतो) वापरला. पहिल्या गिऱ्हाइकाला मेसेज बरोबर, दुसऱ्याला दोघांची नावं, चाळिसाव्याला अख्खी वरात. टेस्ट हिरव्यागार, कारण टेस्टमध्ये गिऱ्हाईक एकच! रुबीत कॉन्स्टंट म्हणजे नुसती पाटी, आतला माल कुणीही बदलावा. आणि गंमत बघा, हॅशची (की देऊन व्हॅल्यू शोधायच्या तक्त्याची) की म्हणून साधी स्ट्रिंग दिली की रुबी स्वतःच तिची कॉपी करून फ्रीज करते. म्हणजे घरच्यांचाच विश्वास नाही. २०१५ ला २.३ मध्ये फ्रोझन लिटरलची कॉमेंट (फाइलच्या डोक्यावर लिहिली की कोडमधल्या स्ट्रिंग गोठतात) आली, ३.० ला तेच डिफॉल्ट करणार होते, हिंमत झाली नाही, आता ३.४ पासून वॉर्निंग, तीही चालू केली तरच.

निवांत_नागपूरकर:
तो 'एक' म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजता काहून? तुमच्या पोट्ट्याने शॉव्हेल मारला त्यात भाषेचा काय दोष? चाकूने बोट कापलं म्हणून घरातले चाकू विकता का?

माझं ऐका. रात्रीचं बॅच, लाखभर ओळींचा रिपोर्ट, लूपमध्ये प्लस-इक्वल. दर ओळीला जुना अख्खा मजकूर नव्याने कॉपी. दहाला सुरू केलेलं सकाळी चहापर्यंत चालू, आणि साहेब विचारणार मलाच. स्ट्रिंगबिल्डर (जावाचाच, पण बदलता येणारा मजकूर) लावला, चार मिनिटांत खेळ खलास. म्हणजे खरं काम म्युटेबलच करते, स्ट्रिंग नुसती खुर्ची अडवून बसलीय.

सेमिकोलन_ताई:
अहो नागपूरकर, ती चूक लूपची. स्ट्रिंगबिल्डर २००४ पासून आहे, त्याआधी स्ट्रिंगबफर होताच. मजकूर जुळवताना बिल्डर, जुळला की स्ट्रिंग, दोन कामांना दोन टाइप, यात कुणाचं पोट दुखतं? फाइलचा पाथ तपासला आणि उघडायच्या आत दुसऱ्या थ्रेडने (त्याच वेळी चालणाऱ्या दुसऱ्या कामाने) तो बदलला तर काय कराल? प्रत्येक ठिकाणी भीतीपोटी कॉपी. मग तुमची वाचलेली मेमरी गेली कुठे?

निवांत_नागपूरकर:
ताई, इम्युटेबल आहे म्हणून बिनधास्त शेअर करता येते हाच ना तुमचा हुकमाचा एक्का? मग सबस्ट्रिंगचं शेअरिंग (तुकडा कापला तरी मूळ मजकुराचाच ॲरे वापरणं) जावाने २०१२ मध्ये, ७ च्या अपडेट ६ ला, का काढून टाकलं? वीस अक्षरांच्या तुकड्यापायी दहा एमबीचा ॲरे जिवंत राहायचा म्हणून! आता तिथेही कॉपीच.

सेमिकोलन_ताई:
हो, तो मुद्दा बरोबर आहे. वर्षातून एकदा होतं असं.

मात्रावेलांटी:
तुम्ही गोठवा नाहीतर वितळवा, आधी अक्षर म्हणजे काय ते सांगा. जावात 'नमस्ते'ची लेंग्थ सहा, कारण हलन्त आणि मात्राही सुट्या मोजते. स्विफ्ट ग्राफीम, म्हणजे डोळ्याला दिसणारं अक्षर, मोजतं, तर युनिकोड १५.१ च्या आधीच्या नियमांनी चार आणि नंतरच्या नियमांनी तीन. स्ट्रिंगबिल्डरच्या रिव्हर्सला 'किती' द्या, 'ीतिक' मिळतं, वेलांटी अनाथ होऊन दारात उभी. जावा ९ च्या कॉम्पॅक्ट स्ट्रिंगचं केवढं कौतुक, अर्धी मेमरी वाचली म्हणे. वाचली ती लॅटिन-१ ची, म्हणजे इंग्रजी-युरोपीय अक्षरांची. आपल्याला दर कोडपॉइंटला (युनिकोडने चिन्हाला दिलेल्या नंबराला) दोन बाइट होते ते दोनच राहिले.

निवांत_नागपूरकर:
हा धागा स्ट्रिंगचा आहे की शुद्धलेखनाचा?

मात्रावेलांटी:
शुद्धलेखनाचा नाही, तुमच्याच मुद्द्याचा आहे, वाचायचे कष्ट घ्या. म्युटेबलवाले म्हणतात तिसरं अक्षर जागच्या जागी बदलू. कुठलं तिसरं? यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये लिहायची एक पद्धत) देवनागरीचा कोडपॉइंट तीन बाइट, त्या जागी इंग्रजी अक्षर घातलं की एक, पुढचा सगळा मजकूर सरकवायचा. रस्टची स्ट्रिंग म्युटेबल आहे, तरी इंडेक्सने अक्षर बदलू देत नाही ती उगाच नाही.

आणि 'दुसऱ्या' मधला ऱ एकाच कोडपॉइंटचा असतो किंवा र अधिक नुक्ता (खालचा टिंब). दिसायला सेम, इक्वल्स म्हणतं वेगळे. ते निदान नॉर्मलाइज करून, म्हणजे एकाच रूपात आणून, जुळतात. पण 'ॲप'चा ॲ २००८ मध्ये स्वतंत्र आला, त्याआधीचे लोक अ ला चंद्र लावायचे, 'अॅप'. हे दोन कुठल्याच नॉर्मलायझेशनने एक होत नाहीत. दहा वर्षं मी हे ज्याला त्याला सांगतोय आणि सगळे म्हणतात 'एज केस'. मराठी म्हणजे एज केस!

खटपट्या:
मात्रासाहेब, चिडू नका, पण विषय...

मात्रावेलांटी:
विषय गेला खड्ड्यात. तुमच्या त्या वरातीतली नावं कुठल्या लिपीत होती ते सांगा आधी.

खटपट्या:
इंग्रजीत. 'प्रिय ग्राहक' तेवढं मराठीत.

निवांत_नागपूरकर:
बरं, हॅशच्या कीचं मानलं. घ्या, पेढे वाटा. पण पासवर्डबद्दल सगळे गप्प का? स्ट्रिंगमध्ये ठेवला की पुसता येत नाही, कलेक्टर येईपर्यंत हीपमध्ये (प्रोग्रॅमच्या मेमरीत) पडून. स्विंगच्या (जावाची खिडक्या-बटणांची लायब्ररी) पासवर्ड फील्डमधून कॅरेक्टर ॲरे का मिळतो, विचारा तुमच्या ताईंना.

सेमिकोलन_ताई:
ताईंना माहीत आहे. पासवर्डसाठी ॲरे वापरा, कोण नाही म्हणतंय? त्यासाठी सगळ्या जगाची स्ट्रिंग वितळवायची का?

नवाच_आहे:
मध्ये बोलतोय, सॉरी. मात्रावेलांटींचं वाचून आत्ता आमच्या प्रॉडक्टच्या सर्चमध्ये 'ॲप' टाकून बघितलं. चौदा रिझल्ट. मग 'अॅप' टाकलं. एकतीस, आणि त्यात पहिल्या चौदातला एकही नाही. सोमवारी डेमो आहे. कुणी जागं आहे का?