घरी चालणारं शुद्धलेखनाचं प्लगिन ऑफिसच्या नेटवर्कवर गप्प का बसतं?

मकरपुरा_डेस्क:
नमस्कार. मी बडोद्याला, मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कंपनीत आहे. महाराष्ट्रात जाणाऱ्या पंपांची मराठी माहितीपुस्तिका मी लिहिते. घरी मराठी, पण शाळा गुजराती माध्यमाची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घात माझा हात अजून चुकतो. गुजरातीत ‘चालु’ ऱ्हस्व, मराठीत ‘चालू’ दीर्घ, आणि पंपाच्या पुस्तिकेत हा शब्द पानोपानी. गेल्या आवृत्तीत तो १३ ठिकाणी ऱ्हस्व छापला गेला. फार मनाला लागलं. म्हणून क्रोममध्ये शुद्धलेखन तपासणारं प्लगिन घातलं.

घरी, दांडिया बाजारात, याच लॅपटॉपवर मजकूर चिकटवला की लगेच तांबड्या रेघा येतात. ऑफिसच्या वायफायवर एकही नाही. लॉगिन होतं, चिन्ह हिरवं असतं, एररही येत नाही. मजकुरात चूकच नाही असं वाटतं, आणि तेच जास्त घातक आहे. एफ-१२ दाबून क्रोमची तपासणीची खिडकी पाहिली, काही सापडलं नाही. प्लगिन काढून पुन्हा घातलं, कॅशे साफ केली, तरी तेच. शुक्रवारी फाइल छापखान्यात जायची आहे.

कोथरूडकर:
मोबाइलचं हॉटस्पॉट लावा ना. दोन मिनिटांचं काम.

जाळेवाला_नागपूर:
कंपनीच्या लॅपटॉपवर आयटीला न विचारता हॉटस्पॉट लावू नका, ताई. त्यांनी लावलेली तपासणी टाळल्यासारखं होतं आणि बोलणी तुम्हाला बसतात.

लॅपटॉप तोच, क्रोम तोच, फक्त नेट बदललं की बिघडतं. म्हणजे प्लगिन कितीदाही काढा-घाला, उपयोग नाही. एफ-१२ मध्ये दिसतं ते उघडलेल्या पानाचं. प्लगिनचा मागचा भाग वेगळा चालतो, त्याच्या विनंत्या तिथे दिसत नाहीत. एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड चालू करा. प्लगिनच्या चौकटीत ‘सर्व्हिस वर्कर’ अशी लिंक येईल, ती दाबली की वेगळी खिडकी उघडते. तिथे नेटवर्क टॅबवर थांबा, मग मजकूर चिकटवा आणि प्रत्येक ओळीसमोर सर्व्हरच्या उत्तराचा कोणता आकडा येतो ते इथे लिहा. ४०७ आला तर प्रॉक्सी, म्हणजे ऑफिसचं नेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर, लॉगिन मागतेय.

आणखी एक बघा. प्लगिनच्या संकेतस्थळाचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याची ओळख पटवणारा दाखला, उघडून ते कोणी दिलंय ते वाचा.

मकरपुरा_डेस्क:
दादा, सापडलं! लॉगिनच्या ओळींसमोर २०० आहे, म्हणजे ठीक. पण डब्ल्यूएसएसने सुरू होणारी एक ओळ तांबडी आहे आणि कन्सोलमध्ये वेबसॉकेट हँडशेकला ४०३ उत्तर आल्याचं लिहिलंय. रात्री घरी पाहिलं तर त्याच ओळीसमोर १०१. सर्टिफिकेट देणारा म्हणून ऑफिसमध्ये आमच्याच कंपनीचं नाव दिसतं, घरी दुसरंच काही.

कोडकिडा:
मॅनिफेस्ट व्ही-३ मध्ये, म्हणजे क्रोम प्लगिनच्या नव्या पद्धतीत, सर्व्हिस वर्कर ३० सेकंद रिकामा राहिला की बंद होतो. त्यामुळे तुटत असेल.

जाळेवाला_नागपूर:
तसं असतं तर घरीही तुटलं असतं. शिवाय क्रोम ११६ पासून वेबसॉकेटवर देवाणघेवाण चालू असेल तोवर वर्कर जागा राहतो.

ताई, तुमच्या दोन्ही नोंदींवरून दुखणं कळतं. तुमची प्रॉक्सी एचटीटीपीएस वाहतूक मध्येच उघडून तपासते आणि कंपनीचं सर्टिफिकेट लावून पुढे देते. विंडोजमध्ये कंपनीचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीच्या सर्टिफिकेटांना खरं ठरवणारं मूळ सर्टिफिकेट, घातलेलं असतं, म्हणून क्रोम तक्रार करत नाही. साध्या विनंत्या त्यातून पार होतात, म्हणून लॉगिन जमलं. वेबसॉकेटची सुरुवातही साध्या विनंतीनेच होते, पण ती ‘अपग्रेड’ मागते. सर्व्हरने १०१ म्हटलं की तीच जोडणी दोन्ही बाजूंनी खुली राहते. तुमच्याकडे ती मागणी वाटेतच ४०३ म्हणजे मनाई मिळून अडते, आणि रेघा नेमक्या त्याच जोडणीवरून येतात.

आयटीला ‘प्लगिन चालत नाही’ एवढंच कळवू नका. सर्व्हरचं पूर्ण नाव, ४०३, तारीख-वेळ आणि घरच्या-ऑफिसच्या खिडकीचे फोटो द्या. मागणी एवढीच ठेवा, की या एका नावापुरती वेबसॉकेटला वाट द्या किंवा तेवढंच नाव तपासणीतून वगळा. आणि मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो हे स्वतःहून सांगा. नंतर त्यांना कळलं तर विश्वास जातो.

मकरपुरा_डेस्क:
आज आयटीच्या भाईंशी बोलले. त्यांचा पहिला प्रश्न तोच होता, मजकूर कुठे जातो? पुस्तिका छापून सगळ्यांच्या हातात जाणारच आहे, ते त्यांना पटलं. टेंडर आणि दरपत्रकं मात्र त्या प्लगिनसमोर उघडायची नाहीत, ही त्यांची अट. मलाही ती पटली. प्लगिनची साइट-परवानगी ‘ठराविक साइटवर’ करून फक्त पुस्तिकेच्या संपादकाला दिली. त्यांनी सर्व्हरचं ते एक नाव तपासणीतून वगळलं, मी क्रोम बंद करून उघडलं, आणि १०१ आला.

पान ७ वर ‘डिलिव्हरीची झडप बंद ठेवून पंप चालु करा’ लिहिलं होतं. ‘चालु’खाली तांबडी रेघ! मी ती फाइल तीनदा वाचली होती. जाळेवाला दादा, मनापासून आभार. अजून ३१ पानं आहेत, बसते आता.